पोरगी हॉलंडला, जमीन बाजारात



गेल्या महिन्यात तालुक्याची बैठक उठली तरी एक शेतकरी माझ्यासाठी थांबून राहिले होते. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला रंगीत कागद काढला. मुलगी बी.एस्सी. (कृषी)च्या शेवटच्या वर्षाला, 'रावे'ची गावातली कामं नुकतीच उरकलेली. शहरातल्या एका एजंटाने तिला हॉलंडच्या एम.एस्सी.चा रस्ता दाखवला होता. वाखेनिंगनचं विद्यापीठ शेतीत जगभर नावाजलेलं आहे, त्यात खोटं काही नाही. पण युरोपबाहेरून येणाऱ्याला तिथे नुसती फी वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास पडते, आणि वर्षं दोन. म्हणजे चाळीस लाख झाले, खाणं-राहणं वेगळं. "रस्त्याकडची दोन एकर काढू का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

ते आधी बँकेत जाऊन आले होते. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर तारण लागतं. सातबारा पुढे केला, तर साहेब म्हणाले, शेतजमीन चालत नाही, एन.ए. प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर बोला. सहा एकरांचा मालक तिथे कफल्लक ठरला आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटचा मालक सधन.

साहेबावर राग काढून उपयोग नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यात, कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता परस्पर लिलाव करायचा जो अधिकार बँकेला फ्लॅटवर मिळतो, तो शेतावर मिळत नाही. मग बँक असलं तारण घेते कशाला? पण याच कलमामुळे कित्येकांची जमीन शाबूत आहे, हेही विसरू नका. म्हणून "शेतजमीन तारण घ्या" अशी मागणी कोणी मांडली तर मी विरोध करीन. मागायचंच असेल तर विनातारण कर्ज मागू. २०२४ मध्ये केंद्राने पी.एम. विद्यालक्ष्मी योजना आणली, तिच्यात तारण नाही की जामीनदार नाही. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती. परदेशी कृषी शिक्षणाला तिच्यात जागा नाही. ती मिळवणं हे आपलं काम.

तोवर पोरांनी काय करायचं? फी भरून जाणं हा एकच रस्ता नाही. मात्र एजंटाचा धंदा फी भरणाऱ्यावर चालतो, त्यामुळे दुसरे रस्ते त्याच्या कागदावर सापडायचे नाहीत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फीच नाही. होहेनहाइमला परदेशी विद्यार्थ्याकडून सहामाहीला १५०० युरो घेतात, तरी हॉलंडच्या मानाने ते किरकोळच. (हे होहेनहाइम १८१८ चं. १८१५ ला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, माणसं उपाशी मेली. तेव्हा तिथल्या राजाने शेतीची शाळा काढली. आपल्याकडे दुष्काळ पडला की समिती निघते.) व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरात, बंद खात्यात दाखवावे लागतात. ते मुलाचेच राहतात आणि महिन्या-महिन्याला त्यालाच मिळतात. रक्कम लहान नाही, पण ती फीत जात नाही.

त्याहून चांगलं म्हणजे शिष्यवृत्ती. युरोपियन युनियनची 'इरास्मस मुंडस' फी भरते आणि महिन्याला १४०० युरो देते. वनस्पती संरक्षण, कृषी अर्थशास्त्र असे आपल्या कामाचे अभ्यासक्रम त्यात आहेत. जर्मनीच्या 'डाड'च्या विकासविषयक शिष्यवृत्तीला पदवीनंतर निदान दोन वर्षं संबंधित कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पदवी घेऊन दोन वर्षं शेतीच्या कामात घातलेल्या मुलाला इथे कमीपणा नाही, उलट त्याच्यावाचून अर्जच नाही. अमेरिकेत प्रबंध लिहून एम.एस. करणाऱ्याला प्राध्यापकाच्या संशोधनात सहायक म्हणून घेतात. तशी जागा मिळाली तर फी सुटते आणि पगार मिळतो. त्यासाठी प्राध्यापकांना स्वतः पत्रं लिहावी लागतात. वीस लिहाल तेव्हा दोन उत्तरं येतील.

इंग्रजीची धास्ती मला कळते. मीही मराठी शाळेतलाच. पण वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीचं काम करता करता अमेरिकेत ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शिकले. पुढे ते मेक्सिकोत गेले. तिथल्या भाषेत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद ठेवली होती, म्हणून ही विद्या मेक्सिकोला मिळाली. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात गेले. राहुरीचं विद्यापीठ उभं राहिलं ते १९६८ ला, अकोल्याचं १९६९ ला. आपल्या कृषी विद्यापीठांत शिकवायला ते उरलेच नव्हते.

आज गेलेली मुलं परत येतील का, असं बैठकीत नेहमी विचारतात. काही येणार नाहीत. भाव न मिळणाऱ्या शेतीत परत या, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या शेतकऱ्यांना मी सांगितलं, दोन एकर विकू नका, एक वर्ष थांबा. मुलीने आता तीन ठिकाणचे अर्ज लिहायला घेतले आहेत. इरास्मसच्या बहुतेक अर्जांची मुदत ऑक्टोबर ते फेब्रुवारीत असते, म्हणजे तयारी आदल्या पावसाळ्यात व्हायला हवी. जर्मनीसाठी २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्यालाही वेळ जातो. जिल्हा बैठकीला येताना कृषी महाविद्यालयातल्या मुला-मुलींना गुणपत्रकांसह घेऊन या. दुपारच्या जेवणानंतर आपण त्यांच्यासाठी वेगळे बसू. एजंटाचा कागद मिळाला असेल तर तोही आणा, सही मात्र करू नका.