धोतऱ्याचे बी आणि मिटलेली चौकशी

१/ एखादा माणूस बेपत्ता होतो. तो नशेत असावा, असा संशय येतो आणि अनेकदा शोध तिथेच मंदावतो. ‘नशेत होता, गेला असेल कुठेतरी’ हे वाक्य उत्तरासारखे भासते. पण नशा त्याने केली की त्याला कोणी दिली, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. आपल्या प्रदेशात हा प्रश्न साडेचारशे वर्षे जुना आहे.

२/ अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात धोतऱ्यावर स्वतंत्र संवाद आहे. चोरी करण्यासाठी धोतरा अन्नातून दिला जातो; खाणाऱ्याचे भान हरपते, तो हसत राहतो आणि डोळ्यांदेखत वस्तू नेल्या तरी हरकत घेत नाही, असे ओर्ता नोंदवतो.

३/ यामागचे कारण आज ठाऊक आहे. धोतऱ्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, माणूस बरळतो, वाट सोडून भरकटतो. वाचलाच, तर मधला काळ त्याला बहुधा आठवत नाही. शिवाय बी दिसते मिरचीच्या बियांसारखे. कालवणात ते ओळखू येणे कठीण. म्हणजे हे विष साक्षीदाराला जिवंत ठेवूनही त्याची साक्ष पुसून टाकते.

४/ ठग म्हटले की रुमालाने गळा आवळणारी टोळी आठवते. १८३६ च्या कायद्याने अशा टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप ठेवली होती. पण ठगीविरोधी मोहिमेचा प्रमुख विल्यम स्लीमन १८४४ च्या आपल्या प्रवासग्रंथात वाटसरूंना धोतरा घालणाऱ्यांविषयीही लिहितो. त्यात एका वृद्ध फकिराची हकीकत आहे. सोबतीला आलेल्या अनोळखी माणसांनी दिलेले अन्न त्याने आणि त्याच्या मुलाने खाल्ले. मुलगा दगावला. लुटण्यासारखे होते ते जेमतेम एक पांघरूण.

५/ ठगांचे खटले माफीच्या साक्षीदारांवर उभे राहिले, कारण टोळी होती आणि टोळीतला एक फुटला की बाकीचे सापडत. विष घालणाऱ्याला टोळी लागत नसे, शस्त्र लागत नसे, आणि प्रेतावर खूणही राहत नसे. रस्त्याकडेला मेलेला वाटसरू बेवारस ठरे. भ्रमिष्ट होऊन जगलेला वेडा ठरे. त्याच्या गावी मात्र तो ‘यात्रेला गेला, परतला नाही’ एवढाच उरे.

६/ इथे दफ्तराची मर्यादा उघडी पडते. ठगांच्या जबान्या विपुल आहेत, कारण सरकारला त्या हव्या होत्या. वाट पाहणाऱ्या घरांची जबानी जवळजवळ नाही. एखादा गुन्हा क्वचित नोंदला गेला, म्हणजे तो क्वचित घडला, असे मानणे ही केवळ इतिहासलेखनातली चूक नव्हे; आजच्या तपासातही ती होऊ शकते.

७/ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिर्डीचे उदाहरण घ्या. इंदूरहून दर्शनाला आलेली एक महिला २०१७ मध्ये तिथून बेपत्ता झाली. तिच्या पतीच्या याचिकेवर सुनावणी करताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे २०१९ मध्ये आकडा आला : वर्षभरात ८८ जण शिर्डीतून बेपत्ता. त्यात मानवी तस्करीची शक्यता तपासा, असे न्यायालयाने पोलिसांना बजावले. या प्रकरणात नशेचा मुद्दा नव्हता. मुद्दा होता तो मोजण्याचा. एकेका नोंदीत विखुरलेली माणसे एका नातेवाइकाने न्यायालयात जाण्याची चिकाटी दाखवली म्हणून एकत्र दिसली.

८/ यावर आक्षेप असा की प्रौढ माणसे स्वेच्छेनेही घर सोडतात. हे खरेच आहे. ती महिलाही २०२० च्या अखेरीस इंदूरमध्येच सापडली. पण त्यावरून शोध व्यर्थ होता, असे ठरत नाही. शोधल्याशिवाय कोण स्वेच्छेने गेले आणि कोण नेले गेले, हे कळत नाही, एवढेच ठरते. बेपत्ता बालकाच्या बाबतीत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली. प्रौढासाठी असे गृहीतक नाही; त्याची प्रथम केवळ ‘बेपत्ता’ अशी नोंद होते.

९/ गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचे द्रव्य देणे हा १८६० च्या दंडसंहितेत कलम ३२८ खाली स्वतंत्र गुन्हा होता. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये आहे. कायद्याला जे दीडशे वर्षांपूर्वी कळले, ते बोलण्यात अजून उतरलेले नाही. आणि समजा, नशा त्या माणसाने स्वतःच केली असेल, तरी भान हरपलेला माणूस अधिक असुरक्षित असतो. त्याचा शोध अधिक तातडीने व्हायला हवा, सावकाश नव्हे. नशेचा संशय आला, तर त्याने शेवटचे कोणासोबत खाल्ले, त्याच्याजवळचे काय गेले आणि त्या दिवसांत आसपासच्या रुग्णालयांत कोणी अनोळखी दाखल झाले का, हे विचारलेच पाहिजे. ‘नशेत होता’ या दोन शब्दांनी चौकशी सुरू व्हावी, संपू नये.