संधिवाताची गोळी मिळते, पण ती समजावून कोण सांगणार?

सांधे दुखतात म्हटलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. "वय झालं" आणि "आंबट खाऊ नका". एवढ्यावर आजार सांभाळता येत नाही.

गुडघ्याची झीज वेगळी, आमवात वेगळा. झिजेचं दुखणं चालल्यावर, जिना चढल्यावर वाढतं. आमवातात सकाळी उठल्यावर हातांची बोटं तास-तासभर आखडलेली राहतात, आणि तो तिशी-चाळिशीतल्या बाईलाही होतो. उपचार लांबले तर बोटं कायमची वाकडी होतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बाईची बोटं म्हणजे तिची रोजी!

आमवातावरचं नेहमीचं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. त्याचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात. हे कुणी सांगितलंच नाही तर पेशंट पंधरा दिवसांत औषध सोडतो आणि कुठून तरी बिननावाची पुडी आणतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

हे सगळं समजावायला वीस मिनिटं लागतात. ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना डॉक्टरकडे ती नसतात, हे मान्य. म्हणूनच वेगळी सोय हवी.

अमेरिकेत स्टॅनफर्डला केट लॉरिग यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. शिकवणारे बरेचसे स्वतःच रुग्ण. व्यायाम कसा करायचा, औषध कसं घ्यायचं, दुखणं वाढलं तर काय करायचं, एवढंच शिकवायचे. वर्गाला आलेल्यांचं दुखणं कमी झालं, डॉक्टरकडच्या फेऱ्याही घटल्या.

आपल्याकडे काय अडचण आहे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. फिजिओथेरपी, नर्सिंगचे विद्यार्थी आहेत. जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, साध्या मराठीत वर्ग घ्या. औषधाच्या पाकिटावर ठळक लिहा: "फक्त रविवारी" किंवा जो वार ठरेल तो.

१२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो. नुसते फलक नकोत, त्या दिवशी पहिला वर्ग भरवा.

तोवर घरात कुणी हे औषध घेत असेल तर आजच विचारा: कोणत्या वारी घेता?