मोल आणि मोह

जुनी नाणी जमवण्याचा छंद आपल्या भागात पुष्कळांना आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरात आजीच्या बटव्यात, नाही तर देवघरातल्या डब्यात, निजामी अमलातला एखादा हाली शिक्का अजूनही सापडतो. त्याच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. चारमिनारच्या कमानीत 'मीम' हे अक्षर असेल तर ते नाणे महबूब अली खान यांच्या काळचे. 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांच्या. एवढे कळले तरी हातातला चांदीचा तुकडा बोलू लागतो. या छंदाचा खरा आनंद तोच. परंतु अलीकडे हा आनंद मागे पडला असून 'याचे किती येतील?' हा एकच प्रश्न पुढे आला आहे.

ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखोंना जाते, असे मोबाईलवर रोज कोणी ना कोणी सांगत असतो. आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांना बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. तरीही मोह सुटत नाही. माझाही सुटला नव्हता.

मागच्या वर्षी १९४४ सालचा भोकाचा पैसा मी एका वर्गमित्राला ३०० रुपयांना विकला. तसाच पैसा कोणी तरी हजारोंना विकायला मांडलेला मी मोबाईलवर पाहिला होता. मला वाटले, आपण मित्राला स्वस्तातच देत आहोत! पुढे आम्ही दोघे रेल्वेने नांदेडला गेलो. तिथे एका विक्रेत्याच्या टोपलीत तसेच पैसे ढिगाने पडले होते. चहा-नाश्त्याच्या पैशांत एक मिळत होता. महायुद्धात तांबे वाचावे म्हणून भोक पाडलेला हा पैसा १९४३ ते १९४७ या काळात कोट्यवधींनी पाडला गेला, हे मला नंतर कळले. मित्र काही बोलला नाही. मी पैसे परत केले, त्याने ते घेतले. पण आता माझ्याकडचे नाणे घेण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणाला तरी विचारून येतो. ३०० रुपये परत करता आले. तेवढे मात्र परत आणता आले नाही.

माझी चूक कोणती? मांडलेली किंमत मी खरी किंमत धरली. मांडलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. व्यवहार ज्या रकमेला पुरा झाला, ती रक्कम म्हणजे भाव.

माझे वडील शाळेत गेले नाहीत, पण हे त्यांना पक्के ठाऊक आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ते बैल विकायला उभे होते. घेणाऱ्याने जबडा उघडून दात पाहिले. वडील आपणहून म्हणाले, "चढाला ह्येचा मागला पाय लंगडतोय, आधीच सांगून ठिवतो." भाव खाली आला. मला त्या वेळी वडिलांचा रागच आला. पण पुढच्या यात्रेत तोच माणूस आम्हाला शोधत आला.

नाण्यालाही दात असतात. अक्षरे झिजली आहेत काय, माळेत ओवण्यासाठी कडी डाखली आहे काय, हे पाहावे लागते. आजीचा रुपया मी चिंचेने घासून लख्ख केला आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्याची किंमत घालवून बसलो. आजीची आठवण मला अमोल आहे. पण तिची किंमत घेणाऱ्याने का मोजावी?

कोणी म्हणेल, "ज्याला परवडेल तो घेईल, आम्ही कोणावर बळजबरी करतो काय?" अनोळखी बाजारात हे एक वेळ चालेल. पण एकाच छंदातली माणसे उद्या पुन्हा भेटणार असतात, आणि नवशिक्याचे अज्ञान हे आपले भांडवल नव्हे. हाच न्याय उलटही लागू आहे. उस्मान अली खान यांच्या रुपयाचे वजन अकरा ग्रॅमच्या थोडे वर असून त्यात सुमारे ८२ टक्के चांदी असते. एखाद्या म्हातारीकडून तो चांदीच्या भावाहूनही कमी पैशांत उचलणारा संग्राहक माझ्याहून अधिक दोषी आहे.

म्हणून एक सूचना करतो. येत्या स्नेहसंमेलनात नाण्यांच्या देवघेवीचे एक टेबल मांडावे. प्रत्येक नाण्यापाशी चिठ्ठी असावी : साल, झीज, दोष आणि तसे नाणे शेवटी खरोखर कितीला विकले गेले ते. पहिली चिठ्ठी मी आजीच्या रुपयाची लिहीन. तो विकायचा नाही. पण 'चिंचेने घासलेला' हे शब्द तिच्यावर ठळक अक्षरांत असतील.