गॅस धुरासारखा वर जात नाही!

मैत्रिणींनो, मध्यंतरी पाहुण्यांना आमच्या दौलताबादचा किल्ला दाखवून घरी आले. चहासाठी दूध ठेवले आणि गप्पांच्या नादात ते उतू जाऊन शेगडी विझली. वास येताच नणंदबाई पंख्याच्या बटणाकडे धावल्या.

"वन्सं, बटणाला हात लावू नका!" मी ओरडलेच. आधी कॉक आणि रेग्युलेटर बंद केला, मग दारे-खिडक्या सताड उघडल्या.

वन्संच्या डोक्यात अजून अंधारीतल्या धुराची गोष्ट. "अगं, धुरासारखा जाईल की झरोक्यातून!"

इथेच आपण फसतो. धूर गरम, म्हणून वर चढतो. आपल्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू बांधलेले; म्हणून तो हवेच्या दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचून राहतो. सिलिंडरमध्ये दाबामुळे रेणू एकमेकांना धरून द्रव होतात. बाहेर पडले, की सुटे होऊन सुमारे २५० पट जागा व्यापतात. तेव्हा थोडी गळतीही थोडी समजू नका.

वास आला, तर बटण लावू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

आणि हो, स्वयंपाकघराला वर झरोका असला, तरी खाली जमिनीलगत जाळीही हवीच. आजच बघा बरं, तुमच्याकडे आहे का?