फी माफ झाली. पण लेंकरूं निजेल कोठें?

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजांच्या याद्या लागतात आणि शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या, कुंभारांच्या, विणकरांच्या घरीं पेढे वाटले जातात. वाटावेत, ते कष्टाचे पेढे आहेत. परंतु त्याच रात्रीं त्या घरांत एक प्रश्न उभा राहतो आणि तो बापाच्या डोळ्याला डोळा लागूं देत नाहीं. कॉलेज मिळालें, पण पोर राहील कोठें? आज आम्ही या एकाच प्रश्नाविषयीं बोलणार आहों. कारण आमचीं मुलें कॉलेजच्या दारांतून परत फिरतात तीं बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे. खोलीचें भाडें जमलें नाहीं म्हणून.

वसतिगृहाची खोली म्हणजे कांहीं राजवाडा नव्हे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद. तींत दोन-तीन लोखंडी खाटा, एक खिडकी, भिंतीला खुंटी आणि खाटेखालीं पत्र्याची पेटी. शहरचा सुखवस्तु मुलगा ती पाहून नाक मुरडतो. आमचीं मुलें मुरडीत नाहींत. एका अंगाला बैल व दुसऱ्या अंगाला चूल, अशा दोन खणांत तीं वाढलेलीं असतात. गांवीं शेतपंपाची वीज रात्रीं आली, कीं वही मिटून दारें धरायला उठावें लागतें. त्या लहानशा खोलींत रात्रीचा दिवा असतो आणि त्या दिव्याखालून कोणी हांक मारून उठवीत नाहीं. एवढेंच त्यांना हवें असतें. खोली लहान आहे ही आमची तक्रार नव्हे. खोलीच नाहीं, ही आमची तक्रार आहे.

सरकार म्हणेल, आम्ही कांहींच केलें नाहीं काय? केलें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं, आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणीची व परीक्षेची फी माफ केली. उत्तम केलें. पण खाट व जेवण त्या माफींत नाहींत. मग फी माफ झालेल्या मुलीनें सायंकाळीं पाठ टेकायला एस. टी. स्टँडवर जावें काय?

सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांसाठीं २०१६-१७ सालीं स्वाधार योजना निघाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरितां तिनें वर्षाला ६०,००० रुपये ठरविले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि किरकोळ निर्वाहाचे ८,०००. ज्यानें हे आंकडे मांडले, त्यानें भागाकार केलेला दिसत नाहीं. वीस हजारांना बारांनीं भागा. महिन्याला पुरते १,६६७ रुपयेही पडत नाहींत. एवढ्यांत मुंबईस खाट राहूं द्या, खाटेचा पाय तरी येतो काय? शिवाय घरमालकाला अनामत आधीं लागते आणि सरकारचा हप्ता मागाहून येतो. पेरणीला बी न देतां सुगीला आणून दिल्यासारखें हें झालें!

कांहीं विद्वान म्हणतात, ज्याला तळमळ आहे तो रस्त्याच्या दिव्याखालीं बसून शिकेल. शिकला असेल एखादा. त्याची तसबीर तुम्ही भिंतीला लावतां. त्याच दिव्याखालून परत गेलेल्या शंभरांची तसबीर कोठें आहे?

आमच्या वडीलधाऱ्यांना हें चांगलें कळत होतें. कोल्हापुरांत १८९६ सालीं सर्व जातींसाठीं म्हणून वसतिगृह निघालें. पण कारभार एका जातीच्या हातीं, म्हणून खोल्याही तिच्याच हातीं गेल्या. तेव्हां शाहू छत्रपतींनीं १९०१ सालापासून मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाचें बोर्डिंग उभें करविलें. सक्तीचें प्राथमिक शिक्षण त्यांच्या राज्यांत १९१७ सालीं सुरू झालें. पहिलें बोर्डिंग त्याच्या सोळा वर्षें आधींचें! भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला जेवलीं. तें चाललें खेड्यांतल्या आयाबायांनीं रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर. आणि तेंही पुरेना, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं गळ्यांतलें मंगळसूत्रही ठेवलें नाहीं.

आणि आज? याच थोरांचीं नांवें पाटीवर लावून संस्था चालविणारे आमचेच कांहीं पुढारी वसतिगृहाची अनामत व खानावळीचे पैसे एकरकमी मोजून घेतात. गांवोगांव कमानी उठल्या, मंगल कार्यालयें उठलीं, जयंतीला कर्णे लावून लाखोंचा चुराडा होतो. त्या जयंतीच्या खर्चांत किती खाटा आल्या असत्या, याचा हिशेब एकदां तरी कोणी ग्रामसभेंत मागेल काय?

आमचें मागणें सरळ आहे. प्रवेशाच्या यादींत नांव लागेल त्याच दिवशीं गरजूला खाट मिळावी. ती नसेल तर त्या शहराच्या खऱ्या भाड्याइतकी रक्कम त्याच आठवड्यांत मिळावी. रिकाम्या जागांची यादी वसतिगृहाच्या दारावर लागावी. आणि तालुक्या-तालुक्यानें मूठफंड पुन्हां काढून शहरांत एक घर भाड्यानें घ्यावें; त्या घरांत जात विचारूं नये.

बापांनो, समाजकल्याण कचेरींत लेखी अर्ज टाकून जागेचें उत्तर मागितल्याशिवाय अनामतीसाठीं शेत गहाण टाकूं नका. आणि पोरांनो, पेटींत दोन चादरी, ताट-वाटी व आईनें बांधलेल्या भाकऱ्या घेऊन जा. त्यांची लाज धरूं नका. शेजारच्या खाटेवरच्याचें आडनांव विचारण्याआधीं त्याच्यापुढें चटणी सारा. जागा मिळाली तर नेटानें अभ्यास करा. आणि गांवाकडे ज्याला ती मिळाली नाहीं, त्याचा अर्ज लिहून द्यायला विसरूं नका.