परवाना कुणाच्या बापाचा?

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी ओहमचा नियम पाठ करतोय. विहारातल्या अभ्यासिकेत, रात्री नऊनंतर. आजूबाजूला एमपीएससीची पोरं. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "काका, दहावीला बसलाय काय?" दहावी गणितात राहिलीच आहे माझी, त्यामुळे राग आला नाही. पण बसलोय तारतंत्री परीक्षेला. तारतंत्री म्हणजे वायरमन. २८ वर्षं पक्कड हातात धरून जगलो आणि आपण तारतंत्री आहोत हे फॉर्म वाचून कळलं.

आपल्यातलेच काहीजण, मोर्च्यात माझ्या पुढे चालणारे, मला म्हणतात, कागदाचं एवढं काय? तुझ्या हातात कला आहे, सरकारी शिक्क्याची भीक कशाला मागतोस? कष्टकऱ्याचं ज्ञान हेच खरं ज्ञान. ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही पडतात. बोलणारा मात्र स्वतः बी. ए. असतो आणि त्याची डिग्री घरात काचेच्या फ्रेमीत लटकलेली असते. त्याला मला एकच गोष्ट सांगायची आहे.

साल २००४. कुर्ल्याला एका गाळ्याचं वायरिंग मी केलं. फेजला किटकॅट आणि न्यूट्रललाही किटकॅट. मला शिकवलं तसंच. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे डबल सेफ्टी, असं शेठ म्हणायचा. (शेठ म्हणजे ठेकेदार. नाव घेत नाही, असे गल्लोगल्ली आहेत.) चार महिन्यांनी तिथला दिवा बंद पडला. शेठने माझ्या हेल्परला पाठवलं, एकोणीस वर्षांचं पोरगं. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, म्हणजे लाईन गेलेली, असं समजून तो घोड्यावर चढला आणि होल्डर उघडला. एक हात होल्डरला, दुसरा लोखंडी अँगलला. उडाला होता न्यूट्रलचा फ्यूज. फेजचा शाबूत. २३० व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन उभे, परत जायला वाट नाही. पोरगा खाली फेकला गेला म्हणून वाचला. उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत नाहीत. टेस्टर का मारला नाहीस, असं मी त्याला तेव्हा विचारलं. च्यायला, मी त्याला विचारलं!

आता अभ्यासाला बसल्यावर १९५६ चे वीज नियम वाचले. बत्तिसावा नियम. अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटं बटण घालायचं नाही. घालायचंच तर फेजबरोबर एकदम तुटणारा जोडस्विच. माझ्या जन्माच्या आधीपासून हे छापलेलं होतं. सात वर्षं मी त्या शेठकडे राबत होतो, हजार वेळा त्याने मला चहा आणायला पाठवलं असेल, पण हे एक वाक्य सांगितलं नाही. त्याला तरी माहीत होतं का? परवाना त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर होता, हार घातलेला.

म्हणून हाताच्या कलेचं कौतुक माझ्यापुढे नको. तो फ्यूज याच हाताने बसवला.

त्याच पुस्तकात पंचेचाळिसावा नियम. वायरिंगचं काम परवानावाल्या ठेकेदाराने घ्यायचं, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरने उभं राहून करवून घ्यायचं, परमिटवाल्या माणसाने करायचं. १९५६ चे नियम जाऊन २०१० ला विनियम आले, ते जाऊन २०२३ ला आणखी नवे. ही तीन माणसं तशीच राहिली. कागदावर. साइटवर मी आणि एक पोरगं. काम संपलं की टेस्ट रिपोर्ट भरायचा, त्याशिवाय मीटर मिळत नाही. ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावायचा, इन्सुलेशन निदान एक मेगओहम भरायला हवं. शेठ हा आकडा खुर्चीत बसून लिहायचा. मेगर कपाटात होता, त्याच्या चामडी पट्ट्याला बुरशी आली होती.

हॉस्पिटलात शेठ आला. मोसंबी घेऊन आला. पोलिसाला म्हणाला, हा आमचा माणूस नाही. मस्टरवर पोराचं नाव नव्हतंच. माझंही नव्हतं.

माझा राग परवाना मागणाऱ्या कायद्यावर नाही, हे नीट ऐका. वायरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा झालीच पाहिजे, माझी सगळ्यात आधी. राग आहे तो दारात बसवलेल्या माणसावर. आयटीआय न केलेल्याने परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लागतो, आणि त्यावर सही परवानाधारक ठेकेदाराची. म्हणजे ज्याने मला मस्टरवर घेतलं नाही, त्यानेच लिहून द्यायचं की हा माझ्याकडे होता. सही केली तर स्वतःच्या चोरीचा कबुलीजबाब, वर स्वस्तातला गडी हातचा जाणार. कोण करील? मी गेलो होतो. म्हणाला, "काय रे, तू कधी माझ्याकडे कामाला होतास? येत होतास, जात होतास." शेवटी दुसऱ्या एका ठेकेदाराने सही दिली, जो स्वतः हेल्पर होता एकेकाळी. त्याच्याकडची पाच वर्षं कागदावर आली. बाकीची तेवीस हवेत.

आणि जात? जात वायरीत नसते म्हणतात. पहिली पाच वर्षं मला डीबीला हात लावू दिला नाही. भिंत फोडायची, पाइप गाडायचा, अर्थिंगचा खड्डा खणायचा, त्यात कोळसा-मीठ भरायचं, हे आमच्या वस्तीतल्या पोरांकडे. डीबी बांधायला शेठचा भाचा. तो इस्त्रीच्या शर्टात यायचा. त्याला दोन वर्षांत परमिट मिळालं, त्याच्यासाठी दाखल्याची अडचण आली नाही. आमच्या आज्यापंज्यांना मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात घेत नसत. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, त्याचा इतरांना विटाळ होई. पगार जास्त होता तो साळखात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांच्या तोंडावर मांडला. गिरण्या गेल्या, टॉवर आले. टॉवरच्या बेसमेंटमध्ये अर्थिंगचा खड्डा खणायला कोण उतरतं, ते एकदा जाऊन बघा.

दर १४ एप्रिलला आपण वस्तीभर रोषणाई करतो. मीच करतो, खांबावर चढून. पण १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता, हे मला या वर्षी कळलं. १९४३ साली विजेचं धोरण ठरवणाऱ्या समितीपुढे ते बोलले. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशाचं दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा मुद्दा. आपण त्यांच्या फोटोभोवती बल्बांची माळ सोडतो आणि माळ सोडणाऱ्या पोराला न्यूट्रल म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

अभ्यास सोपा नाही. पुस्तकात ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात, एसीला प्रत्यावर्ती प्रवाह. रोहित्र वाचून मी अर्धा तास थांबलो, हा कुठला प्राणी म्हणून. जिन्याच्या वायरिंगचं चित्र काढायला सांगितलं. दोन टू-वे बटणं मी डोळे मिटून जोडतो, पण कागदावर रेघ सरळ येईना. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, हे मात्र आता झोपेतही सांगीन. आणि हल्ली घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला का पडतो, ते वाचलं त्या रात्री झोपच आली नाही. ३० मिलिअँपिअर! साठच्या बल्बातून दोनशे साठ जातात. माणसाला मारायला बल्बाएवढाही करंट लागत नाही, आणि आम्ही चालू लाईनवर पैजा लावून हात घालायचो.

प्रश्नपत्रिका कामगाराच्या मराठीत काढा. अनुभव बघायचा तर समोर बोर्ड ठेवा, वायर द्या, करून दाखवतो. शेठच्या सहीची गरज काय? आणि साइटवर प्रत्येक हेल्परचं नाव मस्टरवर हवं, पहिल्या दिवसापासून. हे मागायला मोर्चा काढायचा असेल तर मी पुढे आहे.

तोवर ज्या पोरांना शिकायचं आहे त्यांनी अभ्यासिकेत यावं. फी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथेच असतो. बोटं न मिटणारा तो पोरगाही येतो, आता तो चाळिशीचा झालाय, डाव्या हाताने लिहितो. येताना वही आणा, आणि टेस्टर चालतो का ते बघून आणा.