मुंबई बघून झाली?

सुटीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या मांडवीच्या धक्क्यावर मुंबईची माणसे हमखास भेटतात. गाडीतून उतरायचे, ‘‘वाळू अशी काळी कशी हो?’’ म्हणून विचारायचे, धक्क्याच्या तोंडाशी कमान आहे (तिला हौसेने ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात) तिच्याखाली फोटो काढायचे. एका अंगाला रत्नदुर्ग, दुसऱ्या अंगाला भाट्याचा किनारा, समोर बुडता सूर्य आणि हातात भेळ. अर्ध्या-पाऊण तासात कोणीतरी म्हणतो, ‘‘चला, मांडवी बघून झाली.’’ आम्ही मांडवीकर गालातल्या गालात हसतो. इथे जन्म गेला, पण आमची काही अजून बघून झालेली नाही!

पण हसण्याचा अधिकार आम्हाला तरी कुठे आहे? आम्ही मुंबईला जातो तेव्हा वेगळे काय करतो?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरात मुंबईला जायचा बेत ठरला. मी, सौभाग्यवती, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नातवंडांची यादी तयारच होती. पहिला नंबर राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा, दुसरा जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोचा, तिसरा ‘खऱ्या’ गेटवेचा. सुनेने त्यात म्युझियम घातले, मुलाने जुहू घातले, सौभाग्यवतींनी सिद्धिविनायक घातला. यादीचा कागद भरत आला तशी माजघरातून आई म्हणाली, ‘‘मीपण येतेय रे.’’

सगळे गप्प झाले. आई ऐंशी वर्षांची. गुडघे दुखतात. देवदर्शनाला पंढरपूर, कोल्हापूर, एकदा काशीसुद्धा करून आलेली. पण मुंबई नाही. बाबा मुंबईत गिरणीत पंचवीस वर्षे होते, आणि आईने मुंबई पाहिलेली नव्हती.

कोकणातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, ही रीतच होती. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा हा गिरण्यांना माणसे पुरवणारा मोठा जिल्हा झाला. पुरुषाने मुंबईत साच्यावर उभे राहायचे आणि बाईने गावी शेत, गुरे, सासू-सासरे आणि पोरे सांभाळायची. महिन्याला मनीऑर्डर, वर्षाला शिमगा नाहीतर गणपती.

आईचे लग्न १९६३ सालचे. तेव्हा मुंबईचा रस्ता आमच्यासाठी समुद्रातूनच होता. बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना होड्यांतून तिच्यापर्यंत न्यायचे. आई सांगते, बाबांची ट्रंक आणि वळकटी होडीत चढली, की ती किनाऱ्यावर उभी राहायची. बोटीचा धूर दिसेनासा झाला, की घरी येऊन भात लावायचा. पावसाळ्यात बोटी बंद. मग जीवही बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांनी पुढची कित्येक वर्षे जपली. बोट सुटली, की बाबांचे पत्र येईपर्यंत माझी आजी शनिवारचा उपास सोडत नसे.

मी लिहायला शिकल्यावर आईची पत्रे मीच लिहू लागलो. त्यामुळे बाबांचा लालबागचा पत्ता मला आजही पाठ आहे : खोली नंबर, मजला, चाळीचे नाव, गल्ली, मुंबई १२. ‘इकडील सर्व खुशाल. तांबडी गाय व्याली. तुम्ही प्रकृतीस जपावे.’ याच्या पलीकडे आईने मला काही लिहायला सांगितले नाही. दहा वर्षांच्या मुलाला सांगून नवऱ्याला काय लिहिणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या उन्हाळ्यात बाबा एस.टी.ने ट्रंक घेऊन आले, ते पुन्हा गेले नाहीत. संप मागे घेतल्याचे अधिकृतपणे कोणी कधी जाहीरच केले नाही. तो नुसता विरत गेला. बाबाही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तर ही आई म्हणत होती, ‘‘मीपण येतेय.’’

रत्नागिरीहून रात्री कोकणकन्या पकडली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा नातू झोपलेला आणि आई टक्क जागी. ‘‘डोंगराच्या पोटातून जातोय ना आपण?’’ म्हणाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण रुळावर आली. बाबांच्या नोकरीच्या काळात ती असती तर, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला असावा. बोलले कोणीच नाही. पहाटे ठाण्याला उतरून डोंबिवलीला बहिणीच्या घरी गेलो.

पहिला दिवस यादीप्रमाणे. सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन भुयारी मेट्रोत बसलो. २०२५च्या ऑक्टोबरात ही गाडी थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. नातवंडे काचेला नाक लावून बसली, बाहेर काळोखाशिवाय काहीही दिसत नसताना! हुतात्मा चौकाला वर आलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांत गिरणी कामगारही होते, असे मी मास्तरकीच्या सवयीने नातवंडांना सांगितले. त्यांनी शिक्षकांपुढे ऐकतात तितपत ऐकले.

मग गेटवे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा इथे उतरला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायचे ठरले, आणि ती पुरी झाली १९२४ साली. म्हणजे ज्याच्यासाठी दार केले तो दार होण्याआधीच येऊन गेला! आणि १९४८ साली ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच दारातून बाहेर पडली. आई कमानीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आपल्यासारखीच आहे. जरा मोठी.’’

दुपारी राणीची बाग. पेंग्विनच्या रांगेचे टोक दिसेना. आईने गुडघ्यांकडे बोट दाखवले. मुले रांगेला गेली, मी तिला घेऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्तीपाशी बसलो. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. आईला हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘म्हणजे हाही गाव सोडून आलेला चाकरमानीच.’’

रात्री जेवताना आईने आपली यादी सांगितली. यादीत एकच नाव होते : ‘‘उद्या ह्यांची खोली बघायची.’’

मुले कुरकुरली. जुहू बुडणार होते. मुलगा म्हणाला, ‘‘आजी, आता तिथे काय असणार? सगळे टॉवर झालेत.’’ तो खोटे बोलत नव्हता. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. भोंगे गेले, काही चिमण्या तेवढ्या उरल्या. तरी आम्ही गेलो.

लालबागला उतरल्यावर मसाला कुटण्याचा वास आला आणि आई एकदम म्हणाली, ‘‘हा वास ह्यांच्या ट्रंकेला यायचा.’’ मला पत्ता पाठ होता. विचारत विचारत गेलो आणि चाळ सापडली. टेकू लावलेली, पण उभी. दोन जिने आईने कठडा धरून, तीन ठिकाणी थांबून चढले. खोलीत आता एक कुटुंब राहते. माझ्याच वयाच्या बाई दारात आल्या. कोण, कुठले सांगितल्यावर क्षणभर आईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आत या हो मावशी. आमचेही सासरे गिरणीतलेच.’’

खोली दहा बाय बाराची. तिच्यात आता पलंग, कपाट, टी.व्ही. बाबांच्या वेळी ही गावकीची खोली होती. वीस-बावीस माणसे भाडे वाटून घेत. रात्रपाळीचे सकाळी येऊन झोपत, तोवर दिवसपाळीचे वळकट्या गुंडाळून गेलेले असत. ट्रंका भिंतीला ओळीने, जेवण खाणावळीत, सामानाची जागा म्हणजे एक खुंटी. खाणावळी चालवणाऱ्या बायकाही बहुतेक आपल्याच मुलखातल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी.

आई खोलीच्या मधोमध उभी राहिली. भिंतींकडे बघितले, खिडकीतून खाली बघितले. मग बाईंना विचारले, ‘‘एवढीच?’’ बाई म्हणाल्या, ‘‘एवढीच हो.’’ त्यांनी चहा केला. आई चहा प्यायली, मुलांच्या हातावर दहा-दहा रुपये ठेवले आणि आम्ही निघालो.

पहिल्या जिन्याच्या वळणावर ती थांबली. दम लागला असेल म्हणून मीही थांबलो. ती म्हणाली, ‘‘मला आयुष्यभर वाटायचं, ह्यांना मला आणायचंच नाहीये. माझी लाज वाटते. नाहीतर इथं दुसरं काहीतरी आहे. एकदासुद्धा ‘चल’ म्हणाले नाहीत. मीपण विचारलं नाही.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आणणार होते कुठं रे? ठेवणार होते कुठं?’’

मी कठडा धरून उभा राहिलो. त्या घरातली पत्रे मी लिहिली होती. ‘इकडील सर्व खुशाल.’

तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. गिरणीत मजुरी मिळे ती कशीबशी एका माणसाच्या पोटाची आणि मनीऑर्डरीची. कुटुंबाचा उरलेला खर्च आमच्या आया-आज्या खाचरात भात लावून, काजू-आंबे विकून भागवत होत्या. म्हणजे गिरण्यांच्या नफ्यात मुंबई कधीही न पाहिलेल्या बायकांचाही घाम होता. ज्या शहराची वैभवे आपण तिकीट काढून बघतो, ती उभी करण्यात आपल्याच घराचा हात होता. मुंबई दर्शनाच्या बसगाड्या गेटवे, म्युझियम, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट दाखवतात. लालबाग-परळच्या गल्ल्या त्या वाटेवर येत नाहीत. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे महापालिकेने कधीच ठरवले आहे. ते पूर्ण होईल तेव्हा त्यात साचे असतील, चात्या असतील. एक भिंत मनीऑर्डरच्या पावत्यांचीही असावी आणि गावकीची एक खोली, वीस ट्रंकांसकट, आहे तशी मांडलेली असावी, एवढीच विनंती.

आणखी एक गंमत. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे, मालाची बाजारपेठ. मशीद बंदराजवळ मुंबईतही एक मांडवी आहे. १८९६ साली डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग पहिल्यांदा ओळखला तो तिथेच. तेव्हा गिरण्या सोडून हजारो माणसे मिळेल त्या वाटेने कोकणात परतली. २०२०च्या टाळेबंदीतही तशीच परतली. मुंबईवर संकट आले, की आमच्या मांडवीला कळते. मुंबईचे वैभव मात्र आम्हाला पर्यटक होऊन बघावे लागते.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या सुटीत मुंबईला, पुण्याला, कुठेही जाल तेव्हा गेटवे अवश्य बघा, पेंग्विनही बघा. मुलांचा हक्क आहे तो. पण घरातल्या जुन्या ट्रंकेत, पेटीत, पाकिटांवर कुठेतरी एक पत्ता असेल. वडिलांच्या खोलीचा, आजोबांच्या वसतिगृहाचा, आत्याच्या पहिल्या नोकरीचा. यादीत तासभर त्याला द्या. इमारत नसेल तर नसू दे, गल्ली असेल. आणि जिला त्या पत्त्यावर कधी नेले नाही, ती घरात अजून असेल, तर तिला आधी विचारा. मागून पाठवायला पत्ता राहत नाही.

परत आलो त्या संध्याकाळी आई धक्क्यावर बाकावर बसली होती. शेजारच्या काकूंनी विचारले, ‘‘काय हो, मुंबई बघून झाली?’’

आई म्हणाली, ‘‘कुठं गो! पेंग्विन राहिले ना. मे महिन्यात परत जाणार.’’